गणपती असेपर्यंत फाशी नाही

आमच्या घरात फाशीच्या शिक्षा मी देत असे. सकाळचा चहा, दोन टोस्ट आणि समोर टीव्हीवरच्या बातम्या. कुणी बायकोचा जीव घेतला, कुणी एकट्या म्हातारीला लुबाडून जिन्यावरून ढकललं. मी टोस्ट चहात बुडवायची आणि म्हणायची, "द्या मेल्याला फाशी!" टोस्ट विरघळून कपात पडायच्या आत निकाल तयार. वकील नाही, तारखा नाहीत, अपील तर नाहीच. आपल्या कॅनडात ही शिक्षा कधीचीच बंद झालीय हे मला माहीत होतं, पण सोफ्यावर राज्य माझं होतं ना!

माझं शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, आणि तेही गणितात अडकलेलं. बाकी सगळं लायब्ररीतल्या पुस्तकांनी आणि टीव्हीवरच्या कोर्टाच्या मालिकांनी शिकवलं. ऑब्जेक्शन कधी घ्यायचं ते मला त्यातल्या वकिलाच्या आधी कळतं.

आमचे हे डॉक्टर. भूल देणारे. तरुणपणी इकडे आलो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत यांनी हॉस्पिटलात माणसं झोपवली आणि उठवली. माझ्या निकालांवर हे काही बोलायचे नाहीत, सुडोकू सोडवत बसायचे. पण मी जर म्हटलं, "बरं, फाशी नको तर नको, अमेरिकेत देतात तसं इंजेक्शन द्या, झोपतो नि जातो बापडा," की हे सुडोकू उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. मला वाटायचं, माझ्या आवाजाला कंटाळले. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढा हक्क मी त्यांना दिला होता.

त्या वर्षी गणपती उशिरा आले, सप्टेंबर अर्धा सरला होता. नातीची शाळा नुकती सुरू झालेली, बारावीचं वर्ष, आणि डिबेट क्लबची पहिली स्पर्धा नेमकी गणपतीच्या दिवसांत. इथं काय करतात, एकाच विषयाच्या दोन्ही बाजू तयार करून जायच्या. कुठली बाजू बोलायची ते तिथं नाणं उडवून ठरतं. विषय होता, देहदंड देण्यासाठी विषाचं इंजेक्शन वापरणं योग्य आणि कायदेशीर मानावं का.

मी ओट्याशी उकडीच्या मोदकांची रंगीत तालीम करत होते. दर वर्षी एक घाणा आधी करून बघते, कारण इथल्या तांदळाच्या पिठाचा भरवसा नसतो. नात लॅपटॉप घेऊन समोर बसली.

"आजी, आय नीड अ व्हिलन."

"मग आईला विचार."

"ती मीटिंगमध्ये आहे. आणि यू आर परफेक्ट. तू रोज सकाळी कुणाला तरी मारतेसच."

मग काय, मला चेवच चढला. पाकळ्या काढता काढता मी मुद्दे सांगत गेले. दोरीपेक्षा हे बरं. तडफड नाही, रक्त नाही. दवाखान्यासारखं स्वच्छ काम. आणि त्यानं ज्याला मारलं त्याला कुठं असं मऊ मरण दिलं होतं? तरी आपण त्याला देतो, हा आपला मोठेपणा. नातीची बोटं नुसती पळत होती. "ओह माय गॉड आजी, धिस इज सो गुड. धिस इज हॉरिबल, बट गुड."

मग ती दुसऱ्या बाजूनं बोलायला लागली. मोडक्या मराठीत आणि धडधाकट इंग्रजीत तिनं मला समजावलं की अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कोर्टानं एक गंमत करून ठेवलीय. कैद्याला वाटलं की या इंजेक्शनात फार वेदना आहेत, तर नुसती तक्रार करून भागत नाही. याहून कमी वेदनेची, सरकारला खरोखर करता येईल अशी दुसरी पद्धत त्यानंच सुचवायची.

माझा हात मोदकावरच थांबला. "म्हणजे बकऱ्यानंच खाटकाला सुरी निवडून द्यायची?"

"आजी! तू माझ्या अगेन्स्ट आहेस ना?"

"मला फाशीची बाजू दिलीस तू. मूर्खपणाची नाही दिलीस."

पुढे म्हणाली, औषधं बनवणाऱ्या कंपन्याही आता नाही म्हणतात. आमचं औषध माणसं बरी करायला आहे, त्या कामाला मिळणार नाही. मग सरकारं ते कुठून तरी मिळवतात, आणि कुठून ते काही राज्यांत कायद्यानंच झाकून ठेवतात.

"स्वच्छ काम म्हणत होते ना मी," मी म्हटलं, "ते तेवढं खोड."

एवढ्यात मागून यांचा आवाज आला. हे पाणी प्यायला आले होते. "मोदकाचं नाक कुणी खाल्लं?"

पाहिलं तर खरंच. ताटात कोपऱ्यातल्या मोदकाचा शेंडा गायब. कडेला इवल्याशा दातांची नक्षी. आम्ही दोघी जन्ममरणाचा वाद घालत होतो आणि एक तिसरी पार्टी आमच्या पाठीमागं जेवून गेली होती.

आता सूनबाईंविषयी सांगायला हवं. सूनबाई नागपूरच्या. आम्ही राहतो त्या कनाटा उपनगरातल्याच एका टेलिकॉम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. हाताखाली इंजिनिअरांची फौज, आवाजात जरब. पण उंदीर म्हटलं की सूनबाई खुर्चीवर. त्या दिवशी बेसमेंटमध्ये तांदळाच्या पोत्याशी लेंड्या दिसल्या आणि त्यांनी वरूनच जाहीर केलं, "आई, मी सांगून ठेवते, घरात एक तर तो राहील नाहीतर मी. काय करून राहिलाय तो माझ्या तांदळात!"

इथं थंडीची चाहूल लागली की उंदीर घरात शिरायला बघतातच, त्यात त्यांचं तरी काय चुकलं, असं मी म्हणणार होते. सूनबाईंचा चेहरा बघून म्हटलं नाही.

संध्याकाळी दोन सापळे आले. सूनबाईंनी आणला तो काळा बंद डबा. उंदीर आत जातो, आत काय व्हायचं ते होतं, बाहेर काही दिसत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: बघायला नको, हात लावायला नको. आणि खाली, ह्यूमेन. नात तो डबा हातात घेऊन फिरवत राहिली. "ह्यूमेन फॉर हू?" असं काहीतरी पुटपुटली. दुसरा सापळा मुलानं आणला, जाळीचा पिंजरा, जिवंत पकडायचा. माझा मुलगा भांडणात कधीच पडत नाही, दोन्ही बाजूंना एकेक वस्तू आणून देतो आणि झोपायला जातो.

दोन्ही सापळे पोत्याच्या दोन बाजूंना ठेवले. डब्यात सूनबाईंनी पीनट बटर लावलं. पिंजऱ्यात मी मोदकाचं सारण ठेवलं, वेलदोडा घातलेलं. नात हसायला लागली. म्हणाली, "आजी, तो आता स्वतःची मेथड स्वतःच चूज करणार. जस्ट लाइक द कोर्ट सेड."

त्यानं सारण निवडलं. मराठी घरात राहून जीभ बिघडली होती त्याची.

नेमका गणेश चतुर्थीच्या सकाळी सापडला. वर मूर्ती बसली होती, आरती झाली होती, आणि मुलगा पिंजरा घेऊन जिना चढून आला. सुपारीपेक्षा थोडा मोठा जीव, कान पातळ, पोट पांढरं. सूनबाई जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर, साडीच्या निऱ्या धरून उभ्या.

"सापडला ना? आता संपवा."

"कसा?" मुलगा म्हणाला.

बादलीत बुडवायचा, असं मुलगा म्हणाला आणि लगेच स्वतःच म्हणाला, "मी नाही." बंद डब्यात ढकलायचा, पण ढकलणार कोण? तेव्हा नातीनं डोळे बारीक केले. त्या डोळ्यांत माझाच खोडकरपणा उतरलाय, कुणाला दोष देऊ? म्हणाली, "आजीला लीथल इंजेक्शन आवडतं. आणि घरात अॅनेस्थेटिस्ट आहे. सो?"

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून प्रसादाची वाटी घेऊन बसलेले.

"मी नाही," हे म्हणाले. एवढंच. वाटी खाली ठेवली.

थट्टाच होती ती, पण यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मी इतकी वर्षं त्या चेहऱ्यासमोर बसून चहा प्यायले आहे, मला कळतं. म्हणून मी मध्ये उडी मारली.

"कुणी काही करायचं नाही! घरात गणपती बसलेत. हा बाप्पाचं वाहन आहे. बाप्पा असेपर्यंत फाशी नाही."

"स्टे ऑफ एक्झिक्यूशन," नात म्हणाली.

"तेच ते. स्थगिती."

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. सूनबाईंनी मनात हिशोब केला आणि खुर्चीवरून उतरल्या. "ठीक आहे. उद्या विसर्जन झालं की मग."

आता इथं एक गोष्ट अशी, की आमच्या मूर्तीला उंदीर नव्हता. पुण्याहून सुटकेसमधून आलेली शाडूची मूर्ती. प्रवासात बाप्पा सुखरूप, पायाशी बसलेला उंदीर तेवढा मोडला. मी गोंद लावून बसवायला गेले तर त्याची शेपटी माझ्याच बोटाला चिकटली, बाकीचा चुरा झाला. त्यामुळे मखराखाली जागा रिकामीच होती. पिंजरा कुठं ठेवायचा हा प्रश्न होता. बेसमेंटमध्ये गार, किचनमध्ये सूनबाई, गराजमध्ये शेजारची मांजर येते. मी टेबलाखाली लाल कापड टाकलं आणि पिंजरा त्यावर ठेवला, बाप्पाच्या पायांच्या बरोबर खाली.

दुपारी दर्शनाला माणसं यायला लागली. आमच्या वयाच्या बायका, नवऱ्यांचे गुडघे सांभाळत. पहिल्याच बाईंनी वाकून पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अगं बाई, जिवंत मूषक! केवढी कल्पक आहेस गं!" मी काही बोलायच्या आत त्यांनी पिंजऱ्यावर फूल वाहिलं, आणि वाकून, तोंडाशी हात धरून, जाळीत काहीतरी कुजबुजल्या. देवळात बाप्पाच्या उंदराच्या कानात इच्छा सांगतात ना, तशी. मग रांगच लागली. एकीनं गुडघ्यांच्या ऑपरेशनचा नंबर लवकर लागू दे म्हणून सांगितलं, तिची कुजबुज कसली, हॉलभर ऐकू आली. दुसरीनं मुलाच्या लग्नाचं सांगितलं. तिसरीनं काय सांगितलं ते कळलं नाही, पण नवऱ्याकडे बघत सांगितलं. उंदीर बिचारा मागच्या दोन पायांवर बसून ऐकत होता. नाक तेवढं हलत होतं.

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या. मला हळूच म्हणाल्या, "आई, तुम्ही हे मुद्दाम केलं."

"मी फक्त पिंजरा ठेवला. इच्छा लोकांच्या आहेत."

"उद्या विसर्जन आहे."

"हो ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "यंदा पाच दिवसांचा करू या का? गौरींबरोबर जाऊ दे बाप्पाला."

सूनबाईंनी लॅपटॉप मिटला. "आई. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्या माहेरी दहा दिवसांचा असतो. तुम्ही म्हणालात, आपल्या घराण्यात दीड दिवसाचाच, परंपरा मोडायची नसते."

"म्हटलं होतं."

"मग आता परंपरा उंदरासाठी मोडायची?"

आमचा मुलगा कान खाजवत बॅकयार्डात निघून गेला. नात म्हणाली, "आई, एव्हरीबडी हॅज अ राइट टू अपील." सूनबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं आपलं अपील मागे घेतलं. पण बाप्पाला उठा म्हणायचं धाडस सूनबाईंनाही होईना. शेवटी म्हणाल्या, "पाच म्हणजे पाच. त्याच्यापुढं एक आरतीसुद्धा नाही."

त्या पाच दिवसांत उंदीर चांगला सुखावला. रोज एक चमचा वरणभात, वर साजूक तुपाचा थेंब. शेजारचे सरदारजी दर्शनाला आले, तेव्हा त्यांना सगळी हकीकत कळली. जाणता माणूस, मनानं दिलदार. म्हणाले, "भाभीजी, आप क्यों परेशान होती हैं? हमको दे दो. हमारी बिल्ली का भी त्योहार हो जाएगा."

नात लगेच पुढं. "सॉरी अंकल. नो एक्स्ट्राडिशन विदाउट अॅश्युरन्सेस." मग तिनं आम्हा म्हाताऱ्यांना समजावलं. कॅनडातून एखादा आरोपी दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायचा असला आणि तिथं देहदंड असला, तर आधी लेखी वचन मागतात, की याला मारणार नाही. वचन नाही तर माणूस नाही. अगदीच अपवाद असला तर गोष्ट वेगळी.

सरदारजींनी दोन्ही हात वर केले. "बेटा, मैं तो वचन दे दूँ. बिल्ली का वचन कौन देगा?"

हसून हसून यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या हसण्याच्या भरात असेल, सरदारजी गेल्यावर नातीनं विचारलं आणि हे पहिल्यांदा बोलले.

ती विचारत होती, "आबा, मला फक्त टेक्निकल सांगा. ते नक्की कसं काम करतं?"

यांनी चमच्यानं टेबलावर तीन रेघा ओढल्या. म्हणाले, बऱ्याच ठिकाणी तीन औषधं देत आले. पहिलं झोपेचं. तिसरं हृदय थांबवणारं. "आणि मधलं?" नात म्हणाली. मधलं शरीर हलू न देणारं. बोट नाही, पापणी नाही, ओरडणं नाही.

"पण झोपलेला असेल तर हलायचा प्रश्नच कुठं?" मी म्हटलं.

"तेच तर. तो खरंच झोपला असेल तर त्या औषधाची त्याला गरज नाही. आणि नीट झोपला नसेल, तर त्याला सांगताही येणार नाही. ते औषध त्याच्यासाठी नसतंच. समोर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसाठी असतं. त्यांना शांत दिसावं म्हणून."

नातीनं सूनबाईंनी वर आणून ठेवलेल्या काळ्या डब्याकडे पाहिलं. बघायला नको, हात लावायला नको.

मग हे म्हणाले, "फार वर्षांपूर्वी एका बाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. भूल माझी. सगळं व्यवस्थित, बाई शांत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला सर्जननं मध्येच सांगितलेला विनोद जसाच्या तसा सांगितला. शेवटच्या ओळीसकट."

"चांगला होता का विनोद?" माझ्या तोंडून निघून गेलं. माझं तोंड हे असं आहे.

"चांगला होता," हे म्हणाले. "मी आजवर त्याला हसू शकलेलो नाही. मी शिकलेला माणूस, चांगली यंत्रं, चांगलं हॉस्पिटल, आणि मी तिला वाचवायला बसलो होतो. तरी ते झालं. तिथं तर डॉक्टरांच्या संघटना सांगतात की या कामात हात घालू नका, म्हणून सुई टोचायला कोण मिळेल तो. आणि तू सकाळी टोस्ट बुडवत म्हणतेस, झोपतो नि जातो."

सुडोकू घेऊन हे का उठून जात होते, ते मला त्या दिवशी कळलं. मी उगाच माझ्या आवाजाला दोष देत होते. आवाज छानच आहे माझा.

शनिवारी स्पर्धा झाली. नात घरी आली ती चषक घेऊन, आणि चेहरा असा की जणू कुणाची तरी पर्स उचलून आणलीय.

"काय झालं गं?"

"नाणं उडवलं. मला फॉर साइड आली. आजी, आय यूज्ड युवर पॉइंट्स. सगळे. मऊ मरण, आपला मोठेपणा, तू खोडायला सांगितलेलं स्वच्छ कामसुद्धा. जज म्हणाले, व्हेरी ह्यूमेन आर्ग्युमेंट."

"आणि आबांचं ते मधलं औषध?"

"ते समोरच्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मला जिंकायचं होतं." तिनं चषक टीव्हीजवळ ठेवला, मग उचलून कपाटावर, मागे ठेवला. "आय फील डिस्गस्टिंग."

माझेच शब्द होते, आणि त्यांना बक्षीस मिळालं होतं. मला खरं तर नाचायला हवं होतं. मॅट्रिक नापास बाईचे मुद्दे कॅनडाच्या शाळेत पहिले आले! पण त्या दिवशी मला मोदकही गोड लागला नाही, आणि मी मोदकाला नाही म्हणणारी बाई नव्हे.

पाचव्या दिवशी बॅकयार्डात मोठ्या टबात विसर्जन झालं. शाडू हळूहळू विरघळली. हवेत चांगलाच गारवा होता, मेपलची पहिली लाल पानं टबात पडत होती. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून झालं, आणि सूनबाई आत गेल्या. आल्या त्या एका हातात पिंजरा, लांब धरलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि दुसऱ्या हातात भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे. पिंजरा माझ्यासमोर ठेवला. त्यावर हातमोजे ठेवले.

"आई, स्थगिती संपली."

"अगं, पण मला कशाला?"

"मग कुणाला? तुमचा मुलगा नाही म्हणतो. बाबा नाही म्हणतात. ही उद्या कॉलेजला निघून जाईल आणि तीही नाहीच म्हणेल. तुम्ही सगळे चांगले राहा. या घरात ड्रेन तुंबलं की मी, बर्फ पडला की शोव्हल करायला मी, आणि उंदीर मारायलासुद्धा शेवटी मीच येणार, मला माहितीये. मला काय हौस आहे का? मला रात्री झोप लागली नाही की मलाच ती लेंडी दिसते. पण घाण काम कुणीतरी करायचं असतं, आणि ते कुणी करायचं हे कुणीच विचारत नाही. रोज सकाळी तुम्ही शिक्षा सांगता ना? मग आज हातही तुमचाच."

सूनबाईंचे डोळे भरले होते. इतके दिवस मी त्यांना उंदराची वैरीण समजत होते. ती बाई एवढंच म्हणत होती, की तुमच्या शिक्षेचा जल्लाद मला करू नका.

मी हातमोजे घातले. बोटं मोठी होती, टोकं लोंबत होती. उंदरानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पोटात माझं सारण, पाच दिवसांचा वरणभात आणि गुडघ्यांपासून लग्नापर्यंत सगळ्या कनाटाच्या इच्छा. टब समोर भरलेला होता. बुडवायला क्षणही लागला नसता. नात बघत होती. यांनी मात्र मान फिरवली नाही, सरळ माझ्याकडे बघत उभे राहिले.

"गाडी काढ," मी सूनबाईंना म्हटलं.

"कुठं?"

"लांब."

टेक्नॉलॉजी पार्कच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, मग शेतं लागली. पिंजरा माझ्या मांडीवर, हातमोजे तसेच. सूनबाई गाडी चालवत होत्या आणि दर लाल दिव्याला पिंजऱ्याकडे बघत होत्या. मक्याचं शेत संपून झाडी सुरू होते तिथं गाडी थांबवली. मी उतरले. त्या मागच्या सीटवरून एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीत माझ्या मुलाचा फाटका लोकरी मोजा, दोन मुठी तांदूळ, थोडं सुकं गवत.

"हे काय?"

"हिवाळा येऊन राहिला, आई. मारायचं नाही म्हणून मरायला सोडून द्यायचं, असं थोडंच असतं? तेही त्या काळ्या डब्यासारखंच झालं ना, आपल्याला दिसलं नाही म्हणजे झालं!" मग जरा थांबून, "आणि तांदूळ तसेही त्यानं उष्टे केलेलेच आहेत."

एका पडलेल्या ओंडक्याखाली मी मोजा सरकवला. पिंजऱ्याचं दार उघडणार, तोच सूनबाई म्हणाल्या, "थांबा." नाकाला पदर लावून, डोळे घट्ट मिटून, त्या पिंजऱ्याजवळ वाकल्या. कुठल्याच प्राण्याच्या इतक्या जवळ मी त्यांना गेलेलं पाहिलं नव्हतं. काहीतरी कुजबुजल्या आणि टुणकन मागे उडी मारली.

उंदीर बाहेर आला, मोज्याचा वास घेतला आणि आत गेला.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काय मागितलंस गं?"

"इच्छा सांगायची नसते."

"मला सांगायला काय हरकत आहे?"

"परत येऊ नको म्हटलं. आणि आलास तर एकटा ये." मग दोघी इतक्या हसलो की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तो वाचला का, मला माहीत नाही. हिवाळा कडक होता. मोजाही पातळच होता. हे बघायला मी तिथं पुन्हा गेले नाही, आणि गेले नाही म्हणून मन मला जरा खातही असतं.

त्याला सोडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा, दोन टोस्ट आणि बातम्या. पडद्यावर एक माणूस दाखवला, त्यानं जे केलं होतं ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. माझ्या पोटात नेहमीसारखी आग झाली. आग जात नाही हो, ती काही उंदरानं विझत नाही. मी टोस्ट बुडवला, तोंड उघडलं. "द्या मेल्याला..."

समोरून पिवळे हातमोजे उडत आले आणि माझ्या मांडीवर पडले. सूनबाई ऑफिसची बॅग खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. यांनी सुडोकूतून मान वर केली, पण उठून गेले नाहीत. नात तोंडावर हात धरून बसलेली.

सगळे माझ्या निकालाची वाट बघत होते. टोस्ट विरघळून कपात पडला. मी चमच्यानं तो शोधत बसले.